डबा लिहू लागला

मित्रांनो, माझे खरे नाव फार लांबलचक आहे. त्यात अक्षरे थोडी आणि आकडेच जास्त. ते नाव ज्या कागदावर छापले होते, तो कागद माझ्या पोटाखालून केव्हाच गळून पडला. आदिलाबाद जिल्ह्याच्या बेला मंडलात ज्या गावी मी राहतो, तिथे मला सगळे 'डबा' म्हणतात. आता मला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारलेली आवडणारही नाही.

मी जुना आहे. रंगाने काळा, आकाराने दोन विटा एकीवर एक ठेवाव्यात एवढा. माझ्या पोटात दोन हार्ड डिस्क आहेत. एकीवर जे लिहितो तेच मी दुसरीवरही लिहितो, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहावी. साठवणे हे माझे काम. फोटो द्या, आवाज द्या, व्हिडिओ द्या. कशाला ठेवतोस असे मी विचारत नाही. माझ्या तोंडावर कॅमेऱ्याचे कार्ड घालायची खाच आहे, एक बटण आहे आणि एक दिवा आहे. त्या दिव्यावर भरवसा ठेवला म्हणून एका भल्या मुलीला फार बोलणी खावी लागली. तीच हकिकत तुम्हाला सांगणार आहे. पण आधी थोडे माझ्याविषयी, कारण आत्मवृत्त माझे आहे.

माझा जन्म कुठल्या देशात झाला हे मला नीट ठाऊक नाही. कारखान्यातून निघालो तो खोक्यातच, आणि डोळे उघडले ते थेट आदिलाबादच्या एका फोटो स्टुडिओत. तिथे मी लग्ने सांभाळली. लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीपेक्षा जेवणाच्या पंगतीच जास्त असतात, हे माझ्याइतके कोणाला माहीत नसेल. तेव्हा माझा मोठा रुबाब होता. स्टुडिओवाला गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, की तुमचे लग्न आता याच्या पोटात सुखरूप आहे. मग एक दिवस माझ्यापेक्षा मोठा, चकचकीत डबा आला आणि मला पोटमाळ्यावर टाकले. तिथे धुळीत मी किती काळ पडून होतो ते सांगता येणार नाही, कारण बंद असताना मला काळ कळत नाही.

मला खाली उतरवले ते अमरने. अमर आदिलाबादला संगणक दुरुस्त करतो. गावोगाव मोटरसायकलवर फिरणारा, हसतमुख आणि जरा घाईचा माणूस. त्याने मला पुसले, माझा पंखा बदलला आणि पाठीवरच्या पिशवीत घालून या गावी आणले. इथल्या मुलांची एक अडचण होती. घरात मराठी, शाळा मराठी; पण राज्य तेलुगू भाषेचे, म्हणून बसची पाटी तेलुगूत, दफ्तरातले कागद तेलुगूत, आणि दहावीला तेलुगूचा पेपर. त्या पेपरच्या नावाने चांगली चांगली मुले घाबरत. गावातल्या सुनयना मॅडम जैनथच्या शाळेत शिकवतात. त्यांनी ठरवले, की तेलुगूचा एकेक धडा मराठीतून समजावून त्याचा व्हिडिओ करायचा. मुले कापूस वेचायला घरच्यांबरोबर रानात जातात, वर्ग बुडतो; मग ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने येऊन पाठ पाहावा. यासाठी गावाने अभ्यासिका काढली, आणि पाठ सांभाळायला मला आणले.

खोली दिली उत्तमरावांनी. ते कापसाचे व्यापारी. पुढे त्यांचे दुकान आणि वजनाचा मोठा काटा, बाजूला कापसाचे गोदाम, आणि मागे ही खोली. पूर्वी तिच्यात रिकामा बारदाना, म्हणजे कापसाची पोती असायची. उत्तमरावांनी भाडे घेतले नाही आणि करंटही आपल्याच मीटरवरून दिला. उद्घाटनाला नारळ फुटला. उत्तमरावांच्या पत्नी तुळजाबाई यांनी मला हळदकुंकू लावले, तेही अगदी मनापासून. कुंकू कार्डाच्या खाचेत गेले आणि अमरने मला उलटे धरून चांगले झटकले. इतका मान आणि इतके झटकणे एकाच दिवशी मी पुन्हा अनुभवले नाही.

खोलीची सगळी जबाबदारी पूनमकडे होती. बारावी झालेली, घरी राहून पुढची परीक्षा देणारी, शांत मुलगी. सकाळी येऊन झाडलोट करणे, मला जोडलेल्या पडद्यावर मुलांना पाठ लावून देणे आणि मॅडमनी कॅमेऱ्यात घेतलेला नवा पाठ माझ्यात उतरवणे ही तिची कामे. उतरवायची रीत सोपी होती. कार्ड खाचेत घालायचे, बटण दाबायचे. मी काम करत असलो की दिवा पिवळा लुकलुकतो. हातात काम नसले की तो हिरवा असतो. अमरने तिला सांगून ठेवले होते, की दिवा हिरवा झाला की कार्ड पुसून मॅडमना परत द्यायचे. पूनमने हे एकदा ऐकले आणि कधी मोडले नाही.

पहिले वर्ष झकास गेले. मॅडम सुट्टीच्या दिवशी दुपारी पाठ घ्यायच्या, पूनम लगेच कार्ड लावायची आणि माझे काम होईपर्यंत शेजारी अभ्यास करत बसायची. त्या वर्षी दहावीची सगळी मुले तेलुगूत पास झाली. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी पत्र्याचा असलो तरी मला बरे वाटले.

दुसऱ्या वर्षी मॅडमच्या सुट्ट्या दुसऱ्या कामांत जाऊ लागल्या. त्यामुळे शाळेतून आल्यावर, संध्याकाळी पाठ घ्यायचे ठरले. पाठ संपेपर्यंत दिवेलागण होई. पूनम कार्ड लावी, बटण दाबी, पिवळा दिवा लुकलुकताना पाही आणि कुलूप लावून घरी जाई. मी म्हातारा, माझ्या चालीने काम व्हायला बराच वेळ लागे. सकाळी ती येई तेव्हा दिवा हिरवा असे. मग ती कार्ड पुसून टाकी.

दिवाळीनंतर पाठ नाहीसे होऊ लागले. नाव दिसायचे, पण पाठ उघडायचा नाही. एखादा उघडलाच, तर मॅडम हसून खडू उचलायच्या आणि तशाच थांबून राहायच्या. मुले पहिल्यांदा हसली. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कोणी हसले नाही. आणि मूळ कार्ड तर पुसलेले. मॅडमनी काही धडे पुन्हा घेतले, त्यांचा घसा बसला, आणि त्यातलेही काही गेले.

गंमत अशी, की सगळे पाठ जात नव्हते. सगळेच गेले असते, तर लोक म्हणाले असते डबा बिघडला. काही गेले, काही राहिले, म्हणून दोष माणसावर आला.

भगवानराव हे अभ्यासिकेच्या समितीचे प्रमुख. त्यांची मुलगी रुपा त्याच वर्षी दहावीला होती. माणूस मनाने वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही. त्यांनी अमरला बोलावले. अमरने भर दुपारी मला उघडून तपासले, दोन्ही डिस्क फिरवून पाहिल्या, एक मोठा व्हिडिओ उतरवून पाहिला. सगळे ठाकठीक. डब्यात काही खोट नाही, असे त्याने सांगितले आणि तो गेला. खरेच बोलला बिचारा, पण त्या खऱ्यानेच घात केला.

त्याच संध्याकाळी मुलांचे आईवडील खोलीत जमले होते. भगवानरावांनी सगळ्यांदेखत पूनमला उभे केले.

"डब्यात खोट नाई म्हंते कारागीर. मंग खोट कोणात हाय? हिचं ध्यान मोबाइलात, अन् आपल्या लेकरायचे पाठ पुसून राह्यली."

पूनम एवढेच म्हणाली, की दिवा हिरवा होता. तिच्याकडे कोणी पाहिले नाही. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी त्या वेळीही हिरवाच होतो. संक्रांतीपर्यंत पूनमने काम करावे आणि मग दुसरी मुलगी ठेवावी, असे ठरले. काम जाणार याचे दुःख तिला झालेच; पण खरे दुःख वेगळे होते. दुसऱ्या दिवशी एक लहानगा दारातून ओरडला, की पाठ पुसणारी ताई आली. लहान गावात असे नाव एकदा पडले की लग्नानंतरच काय, नातवंडे झाली तरी सुटत नाही. पूनमने त्याला रागावले नाही. ती आत आली आणि नेहमीसारखी मला फडक्याने पुसू लागली. मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज कशाची वाटावी हेही कळेना.

कारण मलाच काही ठाऊक नव्हते. सकाळी मी जागा व्हायचो, दोन्ही डिस्क तपासायचो, दोन्ही धडधाकट असायच्या. हातात काम नसायचे, म्हणून दिवा हिरवा लावायचो. काल संध्याकाळी मी काय करत होतो आणि ते पुरे झाले का, हे मला आठवायचे नाही. आठवण राहावी अशी सोय माझ्यात होती. पण ती बंद होती.

ही सोय कोणाच्या ध्यानात आली, तर पूनमच्या. अमर रुपाच्या घरचा संगणक दुरुस्त करायला गावात आला होता, तेव्हा तिने त्याला खोलीत बोलावले आणि विचारले, की मोटरसायकलला काही झाले तर तुम्ही तिचा आवाज ऐकून ओळखता. मग हा डबा काय झाले ते स्वतः काही सांगत नाही का? अमर डोके खाजवत उभा राहिला. सांगतो, तो म्हणाला. त्याला लॉग म्हणतात, म्हणजे यंत्राची रोजनिशी. काय चालू झाले, काय अडले, कोणती डिस्क तापली, सगळे त्यात लिहिले जाते. पण डबा आणला तेव्हा ते लिहिणे त्यानेच बंद करून टाकले होते. सारखे लिहीत बसला तर म्हाताऱ्या डिस्कला आराम मिळणार नाही, असे त्याला वाटले होते. माझ्या भल्यासाठीच त्याने केले, म्हणून मी त्याला बोल लावत नाही.

अमरने आपला लॅपटॉप मला जोडला आणि लॉग सुरू केला. घाईचा माणूस, त्याने सगळ्याच प्रकारच्या नोंदी चालू केल्या. मग काय विचारता! मी बडबडायलाच लागलो. पंखा फिरला, लिहिले. पंखा थांबला, लिहिले. कोणी पाठ पाहिला, पाहता पाहता पुढे ढकलला, मागे आणला, लिहिले. डिस्क जराशी कोमट झाली, तेही लिहिले. दुपारपर्यंत मला दिलेली जागा भरली आणि नवीन लिहायला मी जुने पुसू लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच अमरने येऊन पाहिले तर कामाची एक ओळ सापडेना. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे त्यात आदल्या दिवशीचे काहीच नव्हते. रोजनिशी त्या दिवशी सकाळीच सुरू झालेली होती.

अमरला वाटले, की लॉग नीट सुरू झाला नसेल. त्याने तो पुन्हा सुरू केला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच, सकाळपासूनची बडबड आणि त्याआधी कोरे. पूनमने पडद्यावर वाचून त्याला फोनवर हे सांगितले, तेव्हा अमर पहिल्यांदा विचारात पडला. त्याने लॉग माझ्या चालू आठवणीत ठेवायला लावला होता, आणि ती आठवण अशी असते, की करंट गेला की पुसली जाते. मग रोज पुसली जात असेल, तर रोज करंट जात असला पाहिजे. पण पूनम शपथेवर सांगत होती, की गावात रोज काही करंट जात नाही. ती संध्याकाळी घरी अभ्यास करते, दिवा एकदाही विझत नाही.

मग अमरने घाई सोडून नीट बसून काम केले. माझ्या पाठीमागे एक छोटा पेनड्राइव्ह लावला आणि सांगितले, की आता जे लिहायचे ते यावर लिही. करंट गेला तरी हे राहील. चारच गोष्टी लिहायला सांगितल्या: उठलो कधी आणि झोपलो कधी, डिस्कची तब्येत, पाठ उतरवायला सुरुवात आणि शेवट, आणि काही नसले तरी दर मिनिटाला एक ओळ, की मी जागा आहे. माझे घड्याळही त्याने नीट केले. ते अजून माझ्या कारखान्याच्या गावची वेळ दाखवत होते. इथे दिवस असला की माझ्याकडे भलतेच काही चाललेले असायचे.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी खरा लिहू लागलो. थोडे लिहायचे, कामाचे लिहायचे आणि टिकेल अशा जागी लिहायचे, हे मला अमरने शिकवले. अमरलाही ते त्याच आठवड्यात समजले, पण तो तसे कबूल करणार नाही.

पुढचे काही दिवस पूनमने नेहमीसारखेच सगळे केले. फक्त कार्ड पुसणे बंद ठेवले. मग अमर आला. पेनड्राइव्ह काढून त्याने लॅपटॉपला लावला आणि दोघे वाचू लागले. माझे अक्षर असे होते. पाठ उतरवायला सुरुवात. मी जागा आहे. मी जागा आहे. मी जागा आहे. आणि त्यापुढे एकदम, उठलो; मागच्या वेळी नीट झोपलो नव्हतो. मध्ये सगळी रात्र गेलेली, आणि पाठ उतरून झाल्याची ओळ कुठेच नाही. जवळजवळ प्रत्येक संध्याकाळी असेच. कोणीतरी रोज माझा करंट काढत होते आणि पहाटे, पूनम येण्याआधी, परत देत होते.

पण दोन दिवस तसे झाले नव्हते. त्या दोन्ही दिवशी मी शेवटपर्यंत जागा होतो आणि पाठ पूर्ण उतरला होता. अमरने विचारले, की त्या दिवशी वेगळे काय होते? पूनमने आठवून सांगितले, की त्या दिवशी उत्तमकाका कापसाची गाडी घेऊन आदिलाबादच्या जिनिंगला, सरकी काढायच्या कारखान्यात, गेले होते.  अमर पुढे काही विचारत होता, पण तिला ऐकू येत नव्हते.

तिला कळले होते. आणि ते तुम्हालाही कळावे म्हणून जुनी गोष्ट सांगावी लागेल. मी इथे येण्याच्या कितीतरी आधी उत्तमरावांच्या गोदामाला आग लागली होती. तार जळाली, ठिणगी पडली, आणि कापसाला आग लागली की ती थांबत नाही. पूनमचे वडील महिपत तेव्हा तिथे काट्यावर कामाला होते. जळत्या गासड्या ओढून काढताना त्यांचे दोन्ही तळहात भाजले. बोटे आखडली ती कायमची. तेव्हापासून उत्तमरावांचा नेम झाला. कापसाच्या हंगामात दिवेलागणीनंतर काटा बंद झाला की ते स्वतः मेनचा खटका पाडतात, खटक्याला हात जोडतात आणि मगच दुकानाला कुलूप लावतात. पहाटे येऊन आधी हात जोडतात, मग खटका वर करतात. ते गाडीबरोबर गेले, तर तुळजाबाई दुकान बंद करतात. पण त्या खटक्याला हात लावत नाहीत. तो मान काकांचाच. आणि मागची खोली त्याच मेनवर आहे, हे एवढ्या वर्षांत सगळेच विसरून गेले होते. पहिल्या वर्षी पाठ दुपारी उतरत, म्हणून आठवायची वेळही आली नव्हती.

तिने हे अमरला सांगितल्यावर तो उठलाच, की चला आत्ताच सांगू. पूनमने त्याला बसवले. ती म्हणाली, की कोणाला सांगू नका. मी कार्ड सकाळी लावत जाईन, म्हणजे पाठ जाणार नाहीत. अमर म्हणाला, की पाठ राहतील, पण बोल तुझ्याच माथी राहील आणि संक्रांतीला काम जाईल. तरी ती ऐकेना. माझ्यासमोरच बसली होती. माझ्याकडे तिच्या बाजूचा पुरावा होता, आणि तीच तो झाकून ठेवत होती. मला तिचा राग आला, हे खरे सांगतो.

संक्रांतीच्या आधी समिती खोलीत बसली. भगवानराव, उत्तमराव, सुनयना मॅडम, आणि नव्या मुलीला काम समजावून द्यायचे म्हणून अमर. पूनम दाराशी उभी होती. भगवानराव कामाला लागले, तेवढ्यात मॅडमनी सहज अमरला विचारले, की तुम्ही डब्यावर काही लावले होते ना, त्यातून काय निघाले? अमरने पूनमकडे पाहिले. तिने मान हलवली, नाही म्हणून. पण समोरून सरळ प्रश्न आल्यावर खोटे बोलणे अमरला जमत नाही. त्याने मी लिहिलेले जसेच्या तसे वाचून दाखवले. कोणाचे नाव घेतले नाही. संध्याकाळी बंद, पहाटे चालू, आणि कापसाची गाडी गेली त्या दिवशी बंद नाही.

उत्तमराव खिडकीतून बाहेर पाहत होते. त्यांनी अमरला ते पुन्हा वाचायला सांगितले. अमरने वाचले. 

"मेन मीच पाडतो," उत्तमराव म्हणाले. मग पूनमकडे वळले. "तुले मालूम होतं?"

"हाव."

"मंग बोल्ली काऊन नाई?"

"तुमी मेन आमच्या बापूच्या जळल्या हातांपायी पाडता, काका. पाडू नका असं म्या कोण्या तोंडानं सांगू?"

उत्तमरावांनी डोळ्यांवरून हात फिरवला. भगवानराव अवघडले होते. त्यांनी विषय मिटवायचा म्हणून सांगितले, की झाले ते झाले, पूनम कामावर राहील, आता ही गोष्ट कोणी बाहेर काढू नये. ते उठायलाही लागले. तेव्हा इतका वेळ दाराशी असलेली पूनम आत आली.

"मले समद्यायसमोर उभं करून बोल्ले होते," ती म्हणाली. "आता समद्यायसमोरच सांगा."

आवाज चढला नव्हता. पण त्या खोलीत मी इतके पाठ ऐकले, इतकी भाषणे ऐकली, त्यांत यापेक्षा स्पष्ट वाक्य मला आठवत नाही. भगवानराव म्हणू लागले, की उत्तमरावांसारख्या माणसाने लोकांपुढे हे कसे सांगायचे. उत्तमरावांनी त्यांना हातानेच थांबवले.

त्या रविवारी पुन्हा सगळे जमले. तीच खोली, तेच आईवडील, पुढे मुले मांडी घालून बसलेली. मागे भिंतीला टेकून महिपत उभे होते. ते एरवी अभ्यासिकेत कधी येत नाहीत. उत्तमराव उभे राहिले. व्यापारी माणूस, कापसाच्या भावासाठी तासभर बोलेल, पण त्या दिवशी ते चारच वाक्ये बोलले.

"पाठ पूनमनं नाई पुसले. मेन मी पाडत होतो, अन् बोल ह्या पोरीनं खाल्ले. चूक माही हाय. आता कोणी तिले काई म्हणसान, तर ते मले म्हणा."

आणि ते खाली बसले. मॅडमनी मुलांना विचारले, की समजले का? मुलांनी एका सुरात हो म्हटले. दारातून ओरडलेला तो लहानगा पहिल्या रांगेत होता. त्याने मान खाली घातली.

पुढचे काम अमरने दोन दिवसांत केले. माझ्यासाठी वेगळी तार ओढली, तिच्यावर वेगळा खटका आणि माझ्या बाजूला एक छोटी बॅटरी. मेन आजही दिवेलागणीनंतर पडतो आणि तो पडावाच. कापसाच्या गोदामाशेजारी राहणाऱ्याने दुसरे काही मागू नये. पूनमही आता नुसत्या दिव्यावर जात नाही. पाठ उतरल्याची ओळ वाचते, पाठ शेवटपर्यंत उघडून पाहते, आणि मगच कार्ड पुसते. भगवानरावांनी माफी मागितली नाही. ते त्यांच्या स्वभावात नाही. पण नव्या मुलीला कामावर येऊ नकोस असे सांगायला ते स्वतः तिच्या घरी गेले. महिपत त्या रविवारी सगळे गेल्यावर माझ्याजवळ आले. आखडलेल्या बोटांनी माझी पाठ चाचपून त्यांनी लेकीला विचारले, की ह्यानंच सांगतलं का? पूनम हसून हो म्हणाली.

गेलेले पाठ मात्र गेले. मॅडमनी बरेचसे पुन्हा घेतले, तरी ते पहिले नव्हेत. एका पाठात एक तेलुगू शब्द चुकून त्या स्वतःच हसत सुटल्या होत्या; तो मुलांना फार आवडायचा. तो आता कोणाकडेच नाही.

मित्रांनो, मी साठवणारा आहे, शिकवणारा नाही. तरी एक विनंती करतो. तुमच्या घरी, शाळेत, दुकानात माझ्यासारखे यंत्र असेल, तर त्याला लिहू द्या. थोडे लिहू द्या, पण टिकेल अशा जागी लिहू द्या, आणि अधूनमधून ते वाचा. काही बिघडले, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी यंत्राने काय लिहिले आहे ते पाहा. आणि घाईत कोणाला चारचौघांत बोल लावलाच असेल, तर घरी बोलावून गुपचूप समजूत घालू नका. चारचौघांतच तो मागे घ्या. उत्तमरावांनी चूक चारचौघांत कबूल केली, म्हणून पूनमला आता गावात कोणी त्या नावाने हाक मारत नाही. तिला सगळे पूनमताई म्हणतात.